इम्प्लांटला इन्फेक्शन झालंय आणि लेझर सुचवलंय? मग आधी हे वाचा

माझ्या खालच्या डाव्या दाढेच्या जागी बसवलेलं इम्प्लांट (हाडात रोवलेलं टायटॅनियमचं कृत्रिम मूळ, ज्यावर दाताची कॅप बसते) सहा वर्षं बिनतक्रार चाललं. सातव्या वर्षी ब्रश करताना त्याच जागेवरून थुंकीत लालसर रेष यायला लागली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी चार महिने अंगावर काढले. त्या चार महिन्यांत इम्प्लांटभोवतीचं हाड झिजत होतं, हे नंतर एक्स-रे पाहिल्यावर कळलं.

पुढे नाशिकमध्येच तीन ठिकाणी दाखवलं आणि तीन वेगळी मतं मिळाली. एके ठिकाणी एक्स-रे न काढताच 'लेझरच्या चार सिटिंग' सांगितल्या. दुसरीकडे इम्प्लांट काढूनच टाकू म्हणाले. तिसऱ्या डॉक्टरांनी कॅप उघडून पाहिली, तर हिरडीच्या खाली कॅप चिकटवतानाचा सिमेंटचा बारीक कपचा अडकलेला सापडला. उपचारात लेझर वापरलं, पण इन्फेक्शनचं मूळ तो कपचा होता. तो आत राहिला असता, तर कितीही सिटिंग करून आजार परत उलटला असता.

मी डॉक्टर नाही. पण या सगळ्यातून गेल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. लेझर हे साफसफाईचं एक हत्यार आहे. इम्प्लांट वाचतं ते कारण सापडल्यामुळे आणि नंतरचे दोन-तीन महिने हिरडी नीट जपल्यामुळे. पुढच्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

१. दुखायची वाट पाहू नका

आपला मूळ दात हाडाला थेट जोडलेला नसतो, मधे बारीक तंतूंची गादी असते. इम्प्लांटचं तसं नाही. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना थेट धरून बसतात. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी हा गुण ओळखला आणि १९६५ साली पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात असं इम्प्लांट बसवलं. पण याच रचनेमुळे एक तोटाही होतो. मूळ दाताला हिरडीचे तंतू आत रुतून घट्ट धरतात, तर इम्प्लांटभोवती ते बाजूने नुसते लपेटलेले असतात. रक्तपुरवठाही कमी असतो. त्यामुळे सूज हिरडीतून हाडाकडे लवकर सरकते, आणि बरेचदा ठणका लागत नाही.

ही लक्षणं दिसली की त्याच आठवड्यात दाखवा: ब्रश किंवा फ्लॉस करताना रक्त, त्या जागी सतत येणारी घाण चव, हिरडी दाबली की पू, हिरडी लाल आणि फुगीर दिसणं, अन्न अचानक जास्त अडकायला लागणं.

कॅप हलत असेल तर घाबरून जाऊ नका, पण उशीरही करू नका. बऱ्याचदा आतला स्क्रू ढिला झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. इम्प्लांट स्वतःच हलत असेल तर मात्र लेझरने ते वाचत नाही, काढावंच लागतं. या दोन्हींतला फरक डॉक्टरांनाच सांगता येतो.

२. जुने कागद शोधून ठेवा

या कागदांवाचून माझी दोन आठवडे धावपळ झाली. दवाखान्यात जाण्याआधीच हे जमवा:

- इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर, ज्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो
- इम्प्लांट बसवल्यानंतरचा आणि कॅप लावल्यानंतरचा एक्स-रे (एका जागेचा आरव्हीजी किंवा पूर्ण जबड्याचा ओपीजी)
- कॅप स्क्रूची आहे की सिमेंटने चिकटवलेली, याची नोंद
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट
- मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ज्यांनी त्या दिल्या त्या डॉक्टरांची चिठ्ठी

कार्डाला महत्त्व का, तर प्रत्येक कंपनीचा स्क्रू उघडायचा ड्रायव्हर वेगळा असू शकतो. कंपनी माहीत नसली तर कॅप उघडण्यातच एक भेट जाते. कार्ड मिळालं नसेल तर जिथे इम्प्लांट केलं तिथे केसपेपरची प्रत मागा. ते रुग्ण म्हणून तुमचं मागणं रास्त आहे, संकोच करू नका.

औषधांच्या यादीत हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली गोळी किंवा इंजेक्शन (अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब) असेल तर ती पहिल्यांदा सांगा. वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन लोक हमखास विसरतात. या औषधांमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरायला अडचण येऊ शकते.

३. कोणाकडे जायचं

हिरडी आणि त्याभोवतालच्या हाडाचे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस पेरिओडॉन्टॉलॉजी केलेले डॉक्टर. नेहमीच्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर त्यांच्याचकडून चिठ्ठी घेऊन जा. दोघांनी एकमेकांशी बोलून उपचार ठरवले की बरं पडतं, कारण कॅप बदलायची वेळ आली तर ती बहुधा पहिले डॉक्टरच करणार असतात.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी आणि पालिकेच्या दंत महाविद्यालयांत पेरिओ विभाग असतो. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. तिथे वेळ जास्त जातो, फेऱ्या होतात. कोणतं लेझर आहे आणि ते चालू आहे का, हे आधी विचारून जा.

४. तपासणी पुरी झाल्याशिवाय उपचाराला हो म्हणू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हिरडी नुसती बघून निदान होत नाही. नीट तपासणीत एवढं तरी व्हायला हवं: बारीक मोजपट्टीने, म्हणजे प्रोबने, इम्प्लांटभोवती सहा जागी खोली मोजणं, रक्त किंवा पू येतो का ते पाहणं, नवा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून पाहणं, कॅप, स्क्रू आणि चावा तपासणं.

निदान दोन पातळ्यांवर होतं. सूज फक्त हिरडीत असेल, हाड शाबूत असेल, तर त्याला पेरिइम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. हे नीट सफाई केली की मागे फिरू शकतं, शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. हाडही झिजायला लागलं असेल तर तो पेरिइम्प्लांटायटिस. जुना एक्स-रे हाताशी नसेल तर डॉक्टर साधारण असं धरतात: रक्त किंवा पू, ६ मिमी किंवा जास्त खोली, आणि हाडाची पातळी ३ मिमी किंवा जास्त खाली गेलेली. मोजलेले आकडे तुमच्या वहीत उतरवून घ्या. तीन महिन्यांनी 'बरं दिसतंय' या शब्दांपेक्षा हे आकडे उपयोगी पडतात.

मग कारण विचारा. सिमेंट राहिलंय का? कॅप इतकी फुगीर आहे का की खाली ब्रश पोचतच नाही? रात्री दात खाण्याची सवय आहे का? साखर ताब्यात आहे का? शेजारच्या दातांना जुना पायरिया आहे का? तंबाखू?

तंबाखूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे मशेरीला कोणी तंबाखूत धरत नाही. माझ्या आत्याने 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला दवाखान्यात ठामपणे नाही म्हणून सांगितलं होतं, आणि दिवसातून तीनदा ती हिरड्यांना मशेरी लावत होती. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती थेट हिरडीवर चोळली जाते. विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळं डॉक्टरांना खरं सांगा. हे चालू ठेवून केलेल्या उपचाराचा निकाल वाईट येतो.

५. लेझरबद्दल नेमके प्रश्न विचारा

'लेझर' या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, अर्बियम लेझर. याची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर (दुसरा प्रकार २७८० च्या आसपास). हा प्रकाश पाणी पटकन शोषून घेतं. जंतूंच्या चिकट थरात आणि सुजलेल्या मांसल भागात भरपूर पाणी असतं, ते क्षणात उडतं आणि थर सुटतो. सोबत पाण्याचा फवारा चालू असतो, त्यामुळे उष्णता फार आत जात नाही. इम्प्लांटच्या खरखरीत पृष्ठभागावरचा थर काढायला मुख्यतः हे वापरतात.

दुसरी, डायोड लेझर, ८१० ते ९८० नॅनोमीटर. छोटं, स्वस्त, म्हणून जास्त दवाखान्यांत असतं. हिरडीच्या मऊ भागावर याचं काम चांगलं. पण ते एकाच जागी सलग चालवलं तर इम्प्लांट काही सेकंदांत तापू शकतं, आणि हाडाला ४७ अंश सेल्सियस मिनिटभर मिळाले तरी इजा होते. शरीराच्या तापमानापेक्षा ही फक्त दहा अंशांची वाढ. एनडी-याग नावाचा (१०६४ नॅनोमीटर) आणखी एक प्रकार आहे. जास्त शक्तीवर त्याने टायटॅनियमचा पृष्ठभाग वितळल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, त्यामुळे त्याच्या सेटिंगला फार महत्त्व आहे.

तिसरी, निळसर रंगाचं द्रव्य सोडून त्यावर कमी शक्तीचा प्रकाश टाकणं. याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. यात कापणं-जाळणं काही नसतं. काम वेगळं, अपेक्षाही वेगळी ठेवायला हवी.

म्हणून विचारा: कोणतं लेझर, तरंगलांबी किती? हिरडी उघडून वापरणार की बंद ठेवूनच? लेझरशिवाय आणखी कशाने साफ करणार? कॅप काढणार का? नाहीच जमलं तर पुढची पायरी काय?

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०२३ साली इम्प्लांटच्या या आजारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा पाया अवजारांनी केलेली सफाई, घरची स्वच्छता आणि ठरावीक काळाने तपासणी हा आहे. लेझरला या तिन्हींची जागा दिलेली नाही. 'लेझर केलं की ब्रशिंगचं टेन्शन नाही', 'हाड शंभर टक्के परत येतं' असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. हाड थोडं भरून येऊ शकतं, खड्ड्याचा आकार अनुकूल असेल तर ग्राफ्टही (हाडाची भर) टाकतात, पण खात्री कोणीच देऊ शकत नाही.

पैशाचा अंदाज सुट्टा सुट्टा लिहून घ्या: कॅप काढणं-लावणं, लेझर, ग्राफ्ट, त्यावर घालायचा पडदा, टाके काढणं, पुढच्या तपासण्या, नवी कॅप लागली तर ती. 'सगळं मिळून इतके' असा आकडा नंतर वाढतो. आरोग्य विम्यात दातांचे उपचार बहुधा धरलेले नसतात, पॉलिसी वाचून घ्या.

६. आदल्या दिवशीपर्यंत

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यासाठीच ती चिठ्ठी. मेडिकलमधून आपणच अँटिबायोटिकचा कोर्स आणून घेऊ नका. इम्प्लांटवरच्या चिकट थरात औषध नीट शिरत नाही, तात्पुरती सूज उतरते आणि आजार दबून राहतो. मी हेही केलं होतं, त्यातच पहिला दीड महिना गेला.

तोंडातले बाकीचे दात साफ करून घ्या. घरात मऊ जेवणाची तयारी, बर्फ आणि जास्तीची उशी ठेवा. उपाशी जायचं की जेवून, ते विचारा. साधी भूल असेल तर मला तरी जेवूनच बोलावलं होतं, मधुमेह्यांनी तर हे नक्की विचारावं.

७. खुर्चीत

त्या जागेपुरती भूल देतात. तुमच्या डोळ्यांवर लेझरचा खास चष्मा चढवायलाच हवा, साधा गॉगल चालत नाही. विसरले तर तुम्ही आठवण करा. फट् फट् असा बारीक आवाज आणि पाण्याचा फवारा जाणवतो. जळका वास थोडा येऊ शकतो, पण खूप गरम लागलं तर लगेच हात वर करा. माझं काम तासाभरात आटोपलं, हिरडी उघडून, तीन टाके.

८. पहिले २४ तास

गाल बाहेरून बर्फाने शेका, दहा-पंधरा मिनिटं ठेवून तेवढाच वेळ थांबायचं. गुळण्या करू नका, जोरात थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, कारण ओढ बसली की रक्ताची गुठळी सुटते. थुंकी गुलाबी येणं ठीक आहे. ताजं लाल रक्त भरून येत असेल तर स्वच्छ ओली गॉझ वीस मिनिटं दाबून धरा, तरी थांबलं नाही तर फोन करा. रात्री डोकं उंच ठेवून झोपा. दुखलं तर लिहून दिलेलीच गोळी, अ‍ॅस्पिरिन नको. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर दारू पूर्ण बंद.

९. पुढचे दोन आठवडे: हिरडी जपण्याचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर पांढरट पिवळसर साय दिसेल. मी तो पू समजून कापसाने पुसायला निघाले होते. पुसू नका. ती जखम भरताना येणारी खपलीच असते, तोंडात ओली राहते म्हणून तशी दिसते. पू असेल तर त्याच्या जोडीला वाढता ठणका, वाढती सूज, ताप किंवा घाण चव असते. असं काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता जा.

ओठ किंवा गाल ओढून आरशात टाके बघू नका. ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो, आणि ताण बसून टाका तिथेच सुटतो.

त्या जागेवर ब्रश बंद, बाकीच्या दातांवर चालू. चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात नुसतं फिरवायचं आणि तोंड वाकवून पाणी आपोआप पडू द्यायचं. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं तर सांगितलेलेच दिवस वापरा, पेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून. दातांवर तपकिरी डाग आणि चवीत फरक पडू शकतो, ते तात्पुरतं असतं.

घरच्या उपायांबद्दल मोठ्यांचं मन न दुखवता ठाम राहा. लवंगेचं तेल उघड्या हिरडीला भाजतं. तुरटी, हळद-मीठ चोळणं, त्रिफळा चूर्ण, तेलाच्या जोरदार गुळण्या, यातलं काहीही या पंधरा दिवसांत नको. सासूबाईंनी प्रेमाने आणलेली लवंगतेलाची बाटली मी डॉक्टरांच्या कागदाजवळच ठेवली आणि टाके निघेपर्यंत उघडली नाही.

जेवण दुसऱ्या बाजूने आणि कोमट. नाचणीची आंबील, मऊ गुरगुट्या भात-तूप, पातळ मूगडाळीची खिचडी, ताकभात, दह्यातलं केळं, शिरा, चांगली शिजलेली दुधी. मासे खाणाऱ्यांनी काटे नसलेला मऊ तुकडा कुस्करून घ्यावा. भाकरी दुधात पूर्ण भिजवूनच. पापड, चिवडा, चकली तर बंदच, पण त्याहून घातक म्हणजे बारीक दाणे: तीळ, खसखस, राजगिरा, मोहरीची फोडणी, पेरूच्या बिया. ते टाक्यांखाली शिरून बसतात. उपवासाची साबुदाणा खिचडी मऊ वाटते, पण त्यातला दाण्याचा कूट असाच अडकतो. संक्रांतीच्या सुमाराला उपचार असतील तर तिळगूळ नुसता हातात घ्या.

तंबाखू कुठल्याही रूपात नाही. व्यायाम, वजन उचलणं, जोराचे प्राणायाम चार-पाच दिवस थांबवा.

टाके साधारण सात ते चौदा दिवसांत काढतात. आपणहून विरघळणारे असले तरी दाखवायला जाच.

१०. पुन्हा ब्रश कधी, आणि पुढे काय

टाके निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की अगदी मऊ, शस्त्रक्रियेनंतर वापरायचा ब्रश आणा. त्यानंतर एका गुच्छाचा छोटा ब्रश, आणि मग दातांमधल्या फटीचा इंटरडेंटल ब्रश. त्याचा आकार अंदाजाने घेऊ नका. दवाखान्यात घालून बघायला लावा: जरा घट्ट जायला हवा, पण तार हिरडीला किंवा इम्प्लांटला घासायला नको. तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या. फ्लॉस वापरत असाल तर त्याचा धागा उसवून आत राहत नाही ना, ते पाहा.

सूज उतरली की हिरडी आक्रसते. कॅपच्या खाली धातूची कड दिसू शकते, आणि फट मोठी वाटते. माझ्या दाढेला ते चाललं, पण समोरचा दात असेल तर हे उपचाराआधीच बोलून घ्या.

हिरडी न उघडता फक्त सफाई झाली असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजणी होते, आणि आजार तसाच असेल तर शस्त्रक्रियेचा विचार. शस्त्रक्रिया झाली असेल तर हाडासाठी सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे बोलका असतो. घाई करून लवकर खोली मोजायला लावू नका, कोवळी जोडणी दुखावते. त्यानंतर तपासणी आणि सफाई दर तीन ते सहा महिन्यांनी, इम्प्लांट तोंडात आहे तोपर्यंत. पुढच्या तारखेची चिठ्ठी घेतल्याशिवाय मी दवाखान्यातून बाहेर पडत नाही.

माझ्या वहीत आज सहा आकडे आहेत. उपचाराआधी सर्वांत खोल जागा ८ मिमी होती, वर्षभराने ४, आणि रक्त नाही. हाड थोडं भरलंय, पूर्ण नाही. नव्या कॅपच्या वेळी मी स्क्रूची मागितली, म्हणजे सिमेंटचा प्रश्नच उरला नाही आणि लागेल तेव्हा ती उघडून आत साफ करता येते. तुमची कॅप बदलायची वेळ आली तर हा पर्याय तुमच्या इम्प्लांटच्या कोनाला बसतो का, तेवढं नक्की विचारा.